भजन स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म लोक अर्ध्यावर का सोडतात?

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या चतुर्थीनंतरच्या भजन स्पर्धेसाठी नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म केला आहे. गट तीन: पुरुष, महिला, बाल. प्राथमिक फेरी तालुकावार, अंतिम फेरी एकाच ठिकाणी. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, लोक उघडतात, वरची चार-पाच उत्तरे भरतात आणि सोडून देतात. मग फोन येतो: "नावं सांगतो, तुम्हीच भरा ना."

फॉर्ममध्ये क्रमाने असे आहे. पथकाचे नाव, स्थापना वर्ष, गट, तालुका. संपर्क व्यक्तीचे पहिले नाव, मधले नाव, आडनाव. घर क्रमांक, रस्ता, शहर, राज्य, पिनकोड. मोबाइल, पर्यायी मोबाइल, ईमेल. मग १२ कलाकारांचा तक्ता: प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, मोबाइल, आधार क्रमांक आणि भूमिका (गायक, हार्मोनियम, पखवाज, झांज, कोरस). शेवटी पथकाचा फोटो, सादर करणार ते अभंग, शुल्क भरल्याचा स्क्रीनशॉट आणि नियम मान्य असल्याची खूण. सगळे अनिवार्य.

सध्या गूगल फॉर्म आहे. संस्थेची वेबसाइटही आहे, तिथे स्वतःचा फॉर्म करता येईल. भरणारे बहुतेक मोबाइलवरून, आणि त्यात पन्नाशीपुढचे बरेच. काय काढावे, आणि जे राहील ते कसे विचारावे?

फोंडा_वेब

आधी मोजून घ्या. तक्त्याच्या वर १५ रकाने, तक्त्यात १२ गुणिले ५ म्हणजे ६०, खाली ४. एकूण ७९. फोनच्या पडद्यावर एका वेळी तीन-चार रकाने मावतात, म्हणजे भरणाऱ्याला वीसेक पडदे सरकवायचे आहेत.

पण खरी अडचण लांबीपेक्षा वेगळी आहे. नोंदणीच्या दिवशी पथकप्रमुखाकडे या उत्तरांतली निम्मी नसतातच. पखवाजवाला अजून पक्का झालेला नसतो. अकरा जणांच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांक कोणाला पाठ नसतात. म्हणजे तक्ता समोर आला की त्याला अकरा फोन करायचे आहेत. तो "रात्री भरतो" म्हणून फॉर्म बंद करतो, आणि गूगलमध्ये लॉगिन नसेल तर वर भरलेलेही जाते. लोक नेमके तिथे थांबतात यात नवल नाही.

म्हणून प्रत्येक रकान्याला तीन प्रश्न विचारा. हे उत्तर आपल्यापैकी कोण वाचणार? कोणत्या तारखेला? उत्तर वेगळे आले तर आपण काय वेगळे करणार? तिन्हींची उत्तरे नसतील तर रकाना काढा. उत्तर आहे पण तारीख लांबची आहे, तर तो प्रश्न त्या तारखेच्या आसपास विचारा.

तुमच्या यादीला ही फूटपट्टी लावली तर:

स्थापना वर्ष निवेदक मंचावर वाचतो, तेही झालेच तर अंतिम फेरीत. आता नको. राज्य सगळ्यांचे गोवाच. पूर्ण पत्त्यावर टपालाने काही पाठवणार आहात का? नसाल तर तालुका पुरेसा आहे. ईमेल कोणी उघडणार नसेल, सगळा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार असेल, तर ईमेलही नको. कलाकारांचे मोबाइल क्रमांक तुम्ही वापरणारच नाही, निरोप प्रमुखालाच देता. जन्मतारीख फक्त बालगटाला लागते, कारण वयाची अट तिथेच आहे. अभंग परीक्षकांना प्राथमिक फेरीच्या दिवशी लागतात, आणि पथके शेवटच्या आठवड्यापर्यंत ते बदलतात.

आधार क्रमांक तर मागूच नका. एकच कलाकार दोन पथकांत गातो का, हे तपासायला घेत असाल, तर सादरीकरणाच्या दिवशी टेबलावर कोणतेही ओळखपत्र पाहा आणि परत द्या. बारा जणांचे आधार क्रमांक एका शीटमध्ये, ती शीट समितीच्या सात जणांच्या फोनवर, हे कोणालाच नको असते. लोक तिथे बिचकतात ते योग्यच आहे.

उरते ते दोन टप्प्यांत करा. आता फक्त नोंदणी: पथक, गट, तालुका, प्रमुखाचे नाव, मोबाइल, शुल्क. प्राथमिक फेरीचा क्रम लागला की आठ-दहा दिवस आधी दुसरी छोटी लिंक प्रमुखाला पाठवा: कलाकारांची नावे आणि अभंग. तोपर्यंत पथक ठरलेले असते आणि स्पर्धेत नाव लागलेले असते, त्यामुळे दुसरी लिंक रखडत नाही.

टंकयात्री

वरचे सगळे मान्य. उरलेल्या रकान्यांत आपल्याकडे नेमके काय बिघडते ते लिहितो. हे मुख्यतः वेबसाइटवरच्या स्वतःच्या फॉर्मला लागू आहे, कारण तिथे तपासणी आपणच लिहितो.

मोबाइल क्रमांक. रकान्याला कमाल १० अक्षरांची मर्यादा घालणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक. माणूस फोनबुकमधून क्रमांक कॉपी करतो. तो +९१, मग जागा, मग पाच अंक, जागा, पाच अंक असा येतो. ब्राउझर पहिली दहा अक्षरे ठेवतो आणि बाकीचे गुपचूप कापतो. रकान्यात +९१, जागा, पाच अंक आणि पुन्हा जागा एवढेच उरते. खाली "अवैध क्रमांक" येते. माणसाने तर बरोबरच क्रमांक चिकटवलेला असतो, त्यामुळे चूक कुठे झाली ते त्याला कळायला वावच नाही. मर्यादा २० ठेवा. येईल ते घ्या, मग जागा, आडव्या रेघा, सुरुवातीचे +९१ किंवा ० आपल्या बाजूने काढा, आणि उरलेले १० अंक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात का तेवढे पाहा.

गोव्यासाठी यात एक खास खाच आहे. आपला लँडलाइनचा कोड ०८३२. त्यातला शून्य काढला की ८३२ आणि पुढचे सात अंक मिळून नेमके दहा होतात, सुरुवात ८ ने. म्हणजे घरचा लँडलाइन मोबाइल म्हणून तपासणीतून आरामात पार होतो आणि पुढे एसएमएस कुठेच पोचत नाही. म्हणून शून्य काढण्याआधी पाहा: मूळ उत्तर ०८३२ ने सुरू झाले असेल तर "हा लँडलाइन क्रमांक दिसतो, यावर एसएमएस येणार नाही, मोबाइल क्रमांक द्या" असे सांगा.

देवनागरी अंक. मराठी कीबोर्ड चालू असेल तर माणूस ९८ असेच देवनागरीत टाइप करतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या पॅटर्नमधले "अंक" हे चिन्ह फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखते, सर्व्हरवरचे पायथन ३ मात्र देवनागरी अंकही अंकच धरते. त्यामुळे ब्राउझर नाकारतो ते सर्व्हरला चालते, आणि चाचणी करणाऱ्याला दोष सापडत नाही. तपासणीआधी ० ते ९ हे दहा देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या. दहा ओळींचे काम आहे. शिवाय रकान्याचा प्रकार "टेल" (टेलिफोन) ठेवला की फोनवर थेट अंकांची पाटी उघडते. प्रकार "नंबर" ठेवू नका. तो सुरुवातीचा शून्य टिकवण्याची हमी देत नाही, आणि संगणकावर माउसचे चाक फिरले की आकडा बदलू शकतो. पिनकोडसारख्या रकान्याला साधा मजकूर प्रकार आणि "इनपुटमोड न्यूमेरिक" द्या.

नाव. तीन रकाने कशाला? "पूर्ण नाव" असा एकच द्या. गोव्यात एकाच समितीत नाईक गावकर, प्रभुदेसाई, शिरोडकर आणि डि'सोझा असतात. मधले नाव कोणाला नसते, कोणाला दोन असतात. डि'सोझा या नावातली टिंबवजा खूण बऱ्याच फॉर्मना चालत नाही. ज्यांना चालते त्यांना सरळ खूण चालते, पण आयफोनचा कीबोर्ड तिच्या जागी वळणदार खूण घालतो आणि पुन्हा नकार. दोन्ही स्वीकारा.

देवनागरी नावांचा घोळ आणखी बारीक. "फक्त अक्षरे" हा युनिकोडचा (संगणकातल्या सगळ्या लिपींच्या अक्षरसंकेताचा) पॅटर्न लावला तर तो क, म, ल घेतो, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त नाकारतो, कारण युनिकोडच्या लेखी ती अक्षरे नाहीत, अक्षराला जोडायच्या खुणा आहेत. "कमल" पास, "कमला" नापास. अक्षरांच्या वर्गासोबत खुणांचा वर्गही घ्या. "दर्‍या", "सुर्‍या" अशा शब्दांतल्या अर्ध्या र साठी काही कीबोर्ड झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालतात, तेही चालू द्या. खरे तर नावावर तपासणीच नको. रिकामे नाही ना, एवढे पाहिले की पुरे.

लांबीची मर्यादाही जपून घाला. "श्री" आपल्याला एक अक्षर दिसते, संगणक त्यात चार मोजतो: श, हलन्त, र, ईकार. "श्री शांतादुर्गा प्रासादिक भजनी मंडळ" यांसारखी पथकांची नावे तीसच्या मर्यादेत मावत नाहीत. १५० ठेवा.

आणखी एक. पथकाच्या कार्यवाहाने नाव जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या पत्रिकेतून उचलून चिकटवले की रकान्यात रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तपासणी ती पास करते, कारण ती अक्षरेच असतात. त्यावर उपाय एकच: पाठवण्याआधी भरलेली माहिती मोठ्या अक्षरांत परत दाखवा.

वाळवंटीकाठ

देव बरे करू, दोघांचेही. ७९ हा आकडा मोजला नव्हता, समितीला तोच दाखवतो.

यंदा वेळ कमी आहे, म्हणून गूगल फॉर्मच ठेवू. मग तीन शंका. एक, फोटो आणि स्क्रीनशॉट अपलोड करताना लोक अडकतात असे वाटते. दोन, शुल्काचा क्यूआर कोड फॉर्ममध्ये टाकला आहे, तरी लोक "पैसे कुठे भरायचे" विचारतात. तीन, प्रश्न मराठीत ठेवावेत, कोकणीत की इंग्रजीत?

कुशावतीकर

पहिली शंका बरोबर आहे. गूगल फॉर्ममध्ये फाइल अपलोडचा एकही प्रश्न असला तर संपूर्ण फॉर्मला गूगल लॉगिन लागते. लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या आत उघडली, तिथे लॉगिन नाही, पासवर्ड आठवत नाही: खेळ खलास. "एका व्यक्तीला एकच प्रतिसाद" ही सेटिंगसुद्धा लॉगिन मागते, आणि ईमेल गोळा करण्याचा "पडताळलेले" हा पर्यायही. तिन्ही बंद करा. मग आपल्या फोनवर खासगी विंडोत, कोणतेही खाते नसताना लिंक उघडून बघा. लॉगिनचे पान न येता पहिला प्रश्न दिसला पाहिजे. लॉगिन नसल्याने एखादे पथक दोनदा नोंदले जाईल, ते शीटमध्ये मोबाइल क्रमांकावरून सहज सापडते.

फोटो लागतोच का? स्मरणिकेत छापायचा असेल तर अंतिम फेरीच्या पथकांकडूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असे सांगा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करते आणि छपाईला चालत नाही.

स्क्रीनशॉटऐवजी यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक मागा. बँकेच्या उताऱ्याशी जुळवायला तोच उपयोगी, चित्रातून वाचून काढत बसावे लागत नाही. फक्त प्रश्नाखाली नीट लिहा, कारण पावतीवर दोन-दोन क्रमांक असतात. अ‍ॅपचा स्वतःचा आयडी अक्षरे-आकडे मिसळलेला असतो, तो नको. "यूटीआर" किंवा "यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी" या नावाखाली फक्त आकड्यांचा असतो, तो हवा. "१२ आकडे, त्यात एकही अक्षर नाही" एवढी ओळ पुरते.

क्यूआरचे कारण साधे आहे. फॉर्म फोनवर उघडला आहे, क्यूआर त्याच फोनच्या पडद्यावर आहे, मग तो स्कॅन कशाने करायचा? पोस्टरवर छापलेला क्यूआर चालतो, फॉर्ममधला नाही. यूपीआय आयडी मजकुरात लिहा, म्हणजे बोट दाबून धरून कॉपी करता येतो. खात्याचे नाव जसे पेमेंट अ‍ॅपमध्ये दिसेल अगदी तसे शेजारी लिहा. वेगळे नाव दिसले की लोक पैसे पाठवायला धजत नाहीत. रक्कम आकड्यात, आणि टिपेत काय लिहायचे तेही सांगा: पथकाचे नाव. पैसे भरायला माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाणार आणि परत येणार, तेव्हा हा प्रश्न सर्वांत शेवटी नको, सुरुवातीच्या मजकुरातच सांगा: "आधी शुल्क भरा, १२ अंकी क्रमांक लिहून घ्या, मग फॉर्म भरा." कमी रॅमच्या फोनवर दुसऱ्या अ‍ॅपमधून परत आले की पान पुन्हा पहिल्यापासून लोड होते, आणि लॉगिन नसल्याने भरलेले राहत नाही.

भाषा. भजनी पथकांची नोंदणी आहे, प्रश्न मराठीत ठेवा. प्रत्येक प्रश्न मराठी, कोकणी, इंग्रजी असा तीनदा लिहिला की वाचायचा मजकूर तिप्पट होतो आणि तारांकित खूण कशाची तेच कळत नाही. पण उत्तर देवनागरीत की रोमनमध्ये, याची सक्ती करू नका. "मराठी किंवा इंग्रजी, कशातही लिहा" असे वर एकदा सांगा. अनेकांना मराठी उत्तम वाचता येते, पण फोनवर टाइप करता येत नाही. आणि कागदी फॉर्मची भाषा टाळा. "अर्जदाराचे संपूर्ण नाव" नको, "पथकप्रमुखाचे नाव".

दुसऱ्या टप्प्यात १२ नावांचा तक्ताही करू नका. गूगलचा ग्रिड प्रश्न फोनवर आडवा सरकवावा लागतो, उजवीकडचे पर्याय दिसतच नाहीत. "परिच्छेद" प्रकारचा एकच प्रश्न ठेवा: "कलाकारांची नावे, एका ओळीत एक. नावापुढे वाद्य लिहा." वर नमुन्याच्या दोन ओळी द्या. कोणी स्वल्पविराम देऊन सलग लिहील, हरकत नाही, शीटमध्ये ओळ आणि स्वल्पविराम दोन्हींवर तोडता येते. प्रमुखाकडे ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर बहुधा तयारच असते, तो कॉपी करून चिकटवतो.

मोबाइल क्रमांकाला गूगल फॉर्ममध्ये "संख्या" अशी तपासणी लावू नका, +९१ आणि मधल्या जागा त्यात अडतात. "लांबी, किमान १० अक्षरे" एवढी लावा आणि शीटमध्ये शेवटचे दहा अंक काढून घ्या. तो स्तंभ आधीच साध्या मजकुराचा करून ठेवा, नाहीतर सुरुवातीचा शून्य गळतो. त्रुटीचा संदेशही स्वतः लिहा, तिथे त्यासाठी जागा असते: "मोबाइल क्रमांकात किमान १० अंक हवेत."

फोंडा_वेब

एका मुद्द्यावर भर. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांमुळे "एका पानावर एकच प्रश्न" ही पद्धत प्रसिद्ध झाली, आणि गुंतागुंतीच्या सरकारी अर्जांना ती शोभते. गूगल फॉर्ममध्ये मात्र सात प्रश्नांचे सात विभाग करू नका. दर विभागाला "पुढे" दाबायचे, आणि प्रोग्रेस बार चालू केला नसेल तर किती उरले ते दिसत नाही. एकच पान, सात प्रश्न, अंगठ्याने सरकवत जावे.

विभाग फक्त बालगटासाठी वेगळा करा. गटाच्या प्रश्नाला "उत्तरानुसार विभागाकडे जा" ही सोय आहे, ती बहुपर्यायी आणि ड्रॉपडाउन प्रकारात चालते. इथे नेहमी होणारी चूक अशी: बालगटाचा विभाग मध्ये येतो, आणि मूळ विभागानंतरची दिशा "पुढच्या विभागाकडे" अशीच राहते. मग महिला गटालाही मुलांच्या जन्मतारखा विचारल्या जातात. तिन्ही गट निवडून तीन वेळा फॉर्म शेवटपर्यंत नेऊन बघा.

जन्मतारखेला कॅलेंडर देऊ नका. ते या महिन्यावर उघडते, दहा-बारा वर्षे मागे कसे जायचे ते अनेकांना सापडत नाही. दिवस, महिना, वर्ष टाइप करू द्या, नमुना दाखवा: १४-०३-२०१५. अट "अमुक तारखेला इतकी वर्षे पूर्ण" अशी असेल तर ती तारीख प्रश्नातच लिहा.

मुलांच्या माहितीबाबत आणखी एक. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यात १८ वर्षांखालील व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. म्हणून मुलांचे मोबाइल क्रमांक घेऊ नका, नाव आणि जन्मतारीख एवढेच घ्या, आणि पालकांच्या सह्यांचा कागद प्रशिक्षकाकडून प्राथमिक फेरीला घ्या. फॉर्मच्या शेवटच्या खुणेत "नियम मान्य" आणि "माहिती कशासाठी वापरणार" या दोन गोष्टी एकत्र बांधू नका. माहितीबद्दल वेगळे वाक्य लिहा: कशासाठी, कोणाकडे राहील, स्पर्धा संपल्यावर कधी पुसणार.

टंकयात्री

पुढच्या वर्षी वेबसाइटवर फॉर्म नेलात तर दिसण्याबद्दल चार गोष्टी आत्ताच टिपून ठेवा. रकान्यातली अक्षरे किमान १६ पिक्सेल, नाहीतर आयफोनचे सफारी रकान्यावर बोट ठेवताच पान मोठे करते आणि बाजूचा भाग पडद्याबाहेर जातो. रकान्याची उंची ठोकून ठरवू नका. "कीर्ती"तला रफार आणि वेलांटी वरून, "हृदय"चा ऋकार खालून कापला जातो. ओळीची उंची दीडपट द्या आणि उंची आपोआप वाढू द्या. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. बटण आणि खुणेची चौकट किमान ४४ पिक्सेल, मजकुराचा रंग पार्श्वभूमीशी ४.५ ला १ या प्रमाणात उठून दिसणारा. पन्नाशीपुढच्या माणसाला उन्हात फिका राखाडी मजकूर वाचता येत नाही.

प्रश्न रकान्याच्या वर लिहा, रकान्याच्या आत फिक्या अक्षरांत नको. टाइप करायला सुरुवात केली की तो नाहीसा होतो, आणि मधेच फोन येऊन गेला की या रकान्यात काय विचारले होते ते आठवत नाही.

चूक दाखवायची ती रकाना सोडून पुढे गेल्यावर. पहिला अंक टाइप करताच लाल अक्षरे नकोत. संदेश त्या रकान्याखालीच, आणि काय करायचे ते सांगणारा: "९ अंक आले आहेत, १० हवेत." पाठवल्यावर चूक निघाली तरी भरलेले सगळे जसेच्या तसे राहिले पाहिजे. "पुसून टाका" हे बटण ठेवूच नका, घाईत अंगठा त्यावरच पडतो. पाठवण्याच्या बटणावर "सबमिट"ऐवजी "नोंदणी पाठवा". एकदा दाबले की ते बंद होऊन "पाठवत आहोत" दिसू दे, नाहीतर डोंगराकडच्या गावात नेट रेंगाळले की तेच पथक तीनदा येते. आणि पक्केपणाचा एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर लक्षात घ्या, युनिकोडमध्ये एका एसएमएसात ७० अक्षरे मावतात, काना-मात्रा वेगळ्या धरून. त्यापुढे गेले की ६७-६७ चे तुकडे आणि तितक्यांचे पैसे. पथकाचे पूर्ण नाव त्यात घालू नका, नोंदणी क्रमांक घाला.

कुशावतीकर

गूगल फॉर्ममध्येही पाठवल्यानंतरचा संदेश बदलता येतो, सेटिंग्जमध्ये "प्रेझेंटेशन"खाली. "तुमचा प्रतिसाद नोंदवला आहे" हे वाचून नोंदणी झाली की नाही, हे कोणाला कळत नाही, म्हणून तर फोन येतात. लिहा: "नोंदणी पोचली. शुल्क जुळले की दोन दिवसांत प्रमुखाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येईल. तोपर्यंत पुन्हा फॉर्म भरू नका."

लिंक फिरवण्याआधी पाच जणांकडून भरून घ्या. समितीतले नकोत, प्रत्यक्ष पथकप्रमुख, त्यांच्या स्वतःच्या फोनवर, त्यांच्याच नेटवर. शेजारी बसा आणि मदत करू नका, अगदी विचारले तरी "तुम्हाला काय वाटते?" एवढेच. बोट कुठे घुटमळते, कुठे वर सरकवून परत वाचतात, काय मोठ्याने विचारतात, ते लिहून घ्या. दोन जण एकाच प्रश्नावर अडले तर तो प्रश्न बदला, खाली स्पष्टीकरणाची ओळ वाढवू नका.

वाळवंटीकाठ

समितीशी बोलून पहिल्या टप्प्याचा फॉर्म असा ठरवला आहे. वर तीन ओळी: शुल्क, यूपीआय आयडी, खात्याचे नाव, आणि "फॉर्म भरण्याआधी शुल्क भरून १२ अंकी क्रमांक जवळ ठेवा". मग:

१. पथकाचे नाव
२. गट: पुरुष, महिला, बाल
३. पथकाचा तालुका (ड्रॉपडाउन, १२ तालुके)
४. पथकप्रमुखाचे नाव
५. पथकप्रमुखाचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक
६. शुल्काचा १२ अंकी क्रमांक
७. नियम मान्य

माहितीच्या वापराबद्दलचे वाक्य सातव्याच्या वर वेगळे. बालगटाला जन्मतारखा दुसऱ्या टप्प्यात, नावांबरोबर. म्हणजे आता विभागच लागत नाहीत. आणि ज्यांना फोनवर जमत नाही त्यांच्यासाठी एक क्रमांक, संध्याकाळी ६ ते ८.

फोंडा_वेब

छान. फक्त तिसरा प्रश्न बदला. पथकाचा तालुका म्हणजे कोणता? प्रमुख डिचोलीचा, तालीम साखळीच्या देवळात, निम्मे कोरस सत्तरीचे, असे पथक काय निवडणार? तुम्हाला त्या उत्तरातून फेरीची जागा ठरवायची आहे, तर तेच विचारा: "प्राथमिक फेरीत कोणत्या तालुक्यात गाणार?" आणि नियमाने एकाच तालुक्यात गायची सक्ती असेल, तर तो नियम प्रश्नाखाली एका ओळीत. यादी वर्णक्रमाने लावा: काणकोण, केपे, डिचोली, तिसवाडी, धारबांदोडा, पेडणे, फोंडा, बार्देश, मुरगाव, सत्तरी, सांगे, सासष्टी. पहिला पर्याय आधीच निवडलेला नको, नाहीतर घाईत भरलेली निम्मी पथके काणकोणला जाऊन बसतील.

वाळवंटीकाठ

बदलले. नियम "प्रमुख जिथे राहतो तो तालुका" असा आहे, म्हणून प्रश्न आता "पथकप्रमुख कोणत्या तालुक्यात राहतात? प्राथमिक फेरी तिथेच होईल." असा केला. शनिवारी पाच प्रमुखांकडून भरून घेतो आणि कुठे अडले ते इथे लिहितो.